डावीकडचा स्पीकर

१

दुपारी दोन ते पाच ही माझी कामाची वेळ. जेवणं झाली, शैलजा पेपर घेऊन आडवी झाली, की मी मागच्या खोलीत जातो. आमचं घर अन्नपूर्णा मंदिराच्या मागच्या बाजूला, शांत गल्लीत आहे. आयटीआयमध्ये एकतीस वर्षं पोरांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. रिटायर झाल्यावर जुने रेडिओ, टेप, रेकॉर्ड प्लेयर दुरुस्त करण्याचा नाद लागला. मुलगी तन्वी पुण्यात नोकरीला, म्हणजे घरात आम्ही दोघंच. आवाज म्हणाल तर शैलजाच्या बांगड्यांचा आणि माझ्या सोल्डरिंगच्या सुरसुरीचा.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गावातल्याच छत्रीबागेतून निशिगंधा नावाची एक बाई आली. चाळिशीची, बँकेत नोकरी करणारी. गाडीच्या मागच्या सीटवर जुन्या चादरीत गुंडाळून तिनं एक थ्री-इन-वन आणला होता. वर रेकॉर्ड, खाली रेडिओ, पुढे कॅसेट, आणि दोन सुटे स्पीकर. तिच्या काकांनी सत्तरच्या दशकाच्या शेवटी तिच्या वडिलांसाठी मस्कतहून आणलेला.

"काका, बाबांचा आहे हा," ती म्हणाली. "बाबा जाऊन चार वर्षं झाली. आईला आता दिसत नाही फारसं, टीव्ही बेकार आहे तिच्यासाठी. मतलब, रेकॉर्डी लागल्या तर तिचा वेळ जाईल."

"काय झालंय याला?"

"फिरतच नाही. आणि डावा स्पीकर तर बाबा असतानाच बंद पडला होता."

मी झाकण उघडलं. आत एक रेकॉर्ड तशीच राहिली होती. जुनी, वरचा कागद उडालेला, कुणाची ते कळत नव्हतं. मी ती काढली नाही. टेस्टिंगला कामाला येईल म्हटलं.

२

तीन दुपारी त्यात गेल्या. मोटरचा पट्टा वितळून डांबरासारखा चिकट झाला होता, तो खरवडून काढला. दोन कपॅसिटर फुगले होते, ते बदलले. व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की खरखर व्हायची, ती स्प्रे मारून घालवली. लाकडावर तेलाचा हात फिरवला तसा आतला शिसवी रंग वर आला. असं काम करताना मला फार बरं वाटतं. बिघडलेल्या वस्तूला कारण असतं आणि ते सापडतं, यावर माझा विश्वास आहे.

डावा स्पीकर का बोलत नाही ते चौथ्या दुपारी सापडलं. ज्या दांडीला सुई असते, तिच्यातून केसासारख्या चार तारा खाली येतात. त्यातली पांढरी तार तुटली होती. तुटली म्हणजे कापलेली होती. धारदार कात्रीनं, सरळ. दोन्ही टोकांना वेगवेगळी टेप गुंडाळलेली, चुकूनही एकमेकांना लागणार नाहीत अशी. टेपच्या कडासुद्धा नीट दाबलेल्या.

मी निशिगंधाला फोन केला.

"तुमचे बाबा काय करायचे?"

"टेलिफोनमध्ये होते. लाइनचं काम. का हो काका?"

"काही नाही. हात चांगला होता त्यांचा."

कापणाऱ्याला काम येत होतं. आणि ज्याला काम येतं तो चांगली तार उगाच कापत नाही, हे मला त्याच वेळी सुचायला हवं होतं. पण दुरुस्त करणाऱ्या माणसाला जोडायची घाई असते. मी टेप सोडवली, टोकं घासली आणि जोडून टाकली.

३

रेकॉर्ड लावून बघितली. दोन्ही बाजूंनी गाणं आलं, जुनं, नाकातलं, पण स्वच्छ. शैलजा दारात येऊन उभी राहिली.

"बोलला का?"

"बोलला. आता गंमत बघ."

मी मोटर बंद केली. थांबलेल्या रेकॉर्डवर सुई तशीच टेकवून ठेवली आणि व्हॉल्यूम वाढवला. वर्गातल्या पोरांना मी हे नेहमी करून दाखवायचो. अशा वेळी सुई माइकसारखी वागते. टेबलावर टिचकी मारली तर स्पीकरमधून टिचकी ऐकू येते. मी स्क्रू-ड्रायव्हरनं टेबल ठोकलं. उजव्या स्पीकरमधून 'टक' आलं, डाव्यातूनही आलं.

"वा!" शैलजा म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

मी आणखी चार-पाच वेळा ठोकलं. उजवा बरोबर होता. डावा मात्र जरा आधी वाजतोय असं वाटलं. अगदी पापणी लवण्याइतका आधी. माझा हात खाली येत असतानाच तिकडून 'टक' झालेलं असायचं.

उशिरा आला असता तर समजू शकलो असतो. आधी कसा येईल? मी स्वतःशीच हसलो. एकसष्टाव्या वर्षी हात आणि कान यांचा ताळमेळ थोडा बिघडायचाच.

तेवढ्यात डाव्या स्पीकरमधून कपबशी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मी मान वळवली. कुणी नव्हतं. मी दाराकडे बघत असतानाच शैलजा चहा घेऊन आली आणि तिनं माझ्या कोपराजवळ कप ठेवला. तोच आवाज. बशीत कप किंचित घसरला, तो भागसुद्धा तसाच.

४

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन बसलो.

दोन वाजून दहा मिनिटांनी डाव्या स्पीकरमधून भाजीवाल्याच्या ठेल्यावरची रेकॉर्ड केलेली हाक ऐकू आली. "आलू ले लो, मटर ले लो." मी खिडकीशी गेलो. गल्ली रिकामी होती. समोरच्या ओट्यावर कुत्रं झोपलं होतं. दोन चौदाला कोपऱ्यावरून ठेला वळला, "आलू ले लो" करत. वहीत लिहिलं: चार मिनिटं.

त्याच्या पुढच्या दुपारी समोरच्यांची स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. दोन किका वाया, तिसऱ्या किकेला चालू. प्रत्यक्षात ती सव्वीस मिनिटांनी सुरू झाली, तिसऱ्याच किकेला.

मी डाव्या-उजव्या तारा अदलाबदल करून बघितल्या. स्पीकर बदलून बघितला. अर्थिंग तपासलं. सर्किटमध्ये आवाज साठवून ठेवेल असं काहीच नव्हतं. आणि साठवलेला आवाज मागचा असतो. हा पुढचा होता.

भीती वाटली असं म्हणणार नाही. एखादं गणित सुटत नाही तेव्हा वाटतं तसं वाटत होतं. जेवताना लक्ष नसायचं, एवढंच.

त्या संध्याकाळी निशिगंधाचा फोन आला.

"काका, आईला सांगितलं की तुम्ही सेट चालू केला. खूश झाली. पण ती म्हणतेय की डावीकडचं राहू द्या, एकाच स्पीकरवर चालेल."

"का?"

"पता नहीं. दोनदा म्हणाली. म्हातारं माणूस आहे ना, राहू द्या."

डावी बाजू आधीच जोडली आहे, हे मी तिला सांगितलं नाही.

५

शुक्रवारी मी शैलजाला बोलावून ऐकवलं. एकट्यानं ऐकत राहणं मला बरं वाटेना.

ती स्टुलावर बसली. चार वाजले होते. बराच वेळ नुसती हवा ऐकू आली, बंद खोलीत असते तशी. मग लांबून, आमच्या स्वयंपाकघराच्या दिशेनं यावी तशी, कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी. मग तिसरी. चौथी अर्ध्यात विरली, जणू कुणी तिचा श्वास काढून घेतला.

"मी तर कुकर लावलाच नाहीये," शैलजा म्हणाली.

"तेच."

ती हसली. "मग लावते संध्याकाळी. तुमचा स्पीकर म्हणतोय तर खिचडीच करू."

साडेसहाला तिनं कुकर लावला. मी स्वयंपाकघराच्या दारात घड्याळ घेऊन उभा होतो आणि ती माझी थट्टा करत कोथिंबीर निवडत होती. तीन शिट्ट्या झाल्या. चौथी सुरू झाली आणि अर्ध्यात विरली. सिलेंडर संपला होता.

शैलजानं कोथिंबिरीची जुडी खाली ठेवली. पहिल्यांदा तिनं माझ्याकडे बघितलं नाही, मागच्या खोलीकडे बघितलं.

"किती पुढचं ऐकू येतं त्यात?" तिनं विचारलं.

"रोज वाढतंय," मी म्हटलं.

६

शनिवारी मी खोलीत गेलो नाही. रविवारी शैलजा शेजारच्या मधुरिमाकडे हळदीच्या लोणच्यासाठी गेली होती. मी म्हटलं, एकदाच ऐकायचं, वहीत लिहायचं आणि तार कापून टाकायची.

सुई टेकवली. आधी हवा. मग एक टकटक, सावकाश, एका लयीत. ती ओळखायला मला थोडा वेळ लागला. हॉलमधला पंखा. त्याचं एक पातं वाकडं आहे, त्यामुळे तो फिरताना असा वाजतो. मी उठून हॉलमध्ये जाऊन बघितलं. डिसेंबर होता, पंखा बंद होता, महिनाभर कुणी हात लावला नव्हता. म्हणजे जे ऐकू येत होतं ते निदान उन्हाळ्यातलं होतं. कोणत्या उन्हाळ्यातलं, ते आवाजावरून कळत नाही.

परत आलो तेव्हा स्पीकरमधून दारात चपला काढल्याचे आवाज येत होते. एक जोडी, मग दुसरी, मग पुष्कळ. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. सतरंजी झटकून अंथरली गेली. फ्रिजचं दार उघडलं, मिटलं. स्टीलच्या ग्लासात पाणी ओतलं गेलं. कोपऱ्यात कुणीतरी नाक ओढलं आणि ती तन्वी होती. लहानपणापासून ती रडू आवरताना तसंच दोनदा नाक ओढते. ती पुण्याहून आली होती.

असल्या दुखवट्याच्या बैठकीला मी आयुष्यात शंभर वेळा गेलो असेन. चपला कशा काढायच्या, कुठे टेकायचं, सगळं मला माहीत आहे.

एका पुरुषानं हळूच विचारलं, "क्या हुआ था एकदम से?"

उत्तर एका बाईनं दिलं. आवाज मधुरिमाचा वाटला, पण थकलेला. "काही नाही हो. रात्री अगदी व्यवस्थित जेवण झालं. गप्पासुद्धा झाल्या तन्वीशी फोनवर. आणि पहाटे पाचच्या सुमारास..."

ती थांबली. घसा साफ केला.

मराठीत क्रियापद शेवटी येतं. आता ती 'गेले' म्हणणार होती किंवा 'गेल्या' म्हणणार होती. एका अक्षराचा फरक. मी सुई उचलली.

उचलल्यावर लक्षात आलं, की शंभर गोष्टी ऐकू आल्या होत्या, पण माझा आवाज ऐकू आला नव्हता आणि शैलजाचाही नव्हता. आमच्यापैकी जो कुणी तिथे बसला होता, तो गप्प बसला होता.

७

तार मी लगेच कापायला हवी होती. कात्री हातात घेतलीही होती. पण असं वाटलं, की कापली म्हणजे मी हे सगळं खरं मानलं. मी सेटवर चादर टाकली आणि सोमवारी दुपारी शहराबाहेर राऊला नंदूकडे गेलो. नंदू आयटीआयमध्ये माझ्याबरोबर होता. वायरिंगमधला त्याच्याइतका पक्का माणूस मी बघितला नाही.

त्यानं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही हसला नाही.

"श्रीहरी, सर्किटमध्ये जे जाईल तेच बाहेर येईल ना यार," तो म्हणाला. "जे गेलंच नाही ते बाहेर कसं येईल?"

"मी हेच पोरांना शिकवलं."

"मग? कुठला तरी मोबाइल, कुठला तरी वायफाय घुसतोय आत. बाकीचं तुझं डोकं जुळवतंय. सिलेंडर काय, कधीतरी संपणारच. कान दाखवून घे, बस. अरे भिया, रिटायर झाल्यावर असं होतं."

मला फार हलकं वाटलं. परत येताना मी रस्त्यात थांबून पेरू घेतले. नंदूचं म्हणणं बरोबर होतं. अर्धं ऐकलेलं माणूस मनानं पूर्ण करतं. चपलांचे आवाज म्हणजे खरखर असू शकते. पंखा म्हणजे मोटरची टकटक.

साडेचारला घरी पोचलो. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. सेटवरची चादर काढून चौघडी करून खुर्चीवर ठेवली होती, कडा कडेला जुळवून. तशी घडी आमच्या घरात एकच माणूस घालतं. सुई रेकॉर्डच्या मधोमध टेकलेली होती. प्लग काढलेला होता.

शैलजा स्वयंपाकघरात मटार सोलत होती.

"शैला, तू ऐकलंस?"

"हा सेट उद्या देऊन या त्यांचा."

"काय ऐकलंस?"

"चहा टाकू का?" ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा होता. चेहराही. फक्त तिनं माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. लांबच्या प्रवासाला निघताना आपण कुलूप लावायच्या आधी घराकडे एकदा बघून घेतो, तसं.

मी पेरू ओट्यावर ठेवले. पुढे विचारायचं धैर्य झालं नाही.

८

रात्र न होऊ देता मी तार कापली, दोन्ही टोकांना टेप लावली आणि दुसऱ्या दिवशी सेट छत्रीबागेत पोचवला. निशिगंधा बँकेत गेली होती. तिची आई, प्रमोदिनीबाई, पलंगावर बसून होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, कृश, डोळ्यांवर जाड चष्मा. मी सेट मांडला, रेकॉर्ड लावली. उजव्या स्पीकरमधून गाणं सुरू झालं. त्यांनी मान हलवून ठेका धरला.

"डावीकडचं बंदच ठेवलंय," मी म्हटलं.

"बरं केलंत." मग त्यांनी विचारलं, "पण जोडलं होतं ना मधे?"

"हो."

"कुणी ऐकलं? तुम्ही, की घरात बाई आहेत त्यांनी?"

"मी अर्धवट. तिनं... बहुतेक पूर्ण."

त्यांनी ठेका थांबवला.

"मग त्यांना विचारू नका," त्या म्हणाल्या. "मी ऐकलं होतं तेव्हा ह्यांनी मला कधी विचारलं नाही. फक्त तार कापली. त्यानंतरचं दीड वर्ष आमचं फार चांगलं गेलं."

मी निघालो तेव्हा त्या पुढची रेकॉर्ड लावायला सांगत होत्या. मी ती लावली आणि घरी आलो.

९

पुढच्या सोमवारी सकाळी शैलजानं मला स्वयंपाकघरात हाक मारली.

"इकडे या. वरणाला हिंग कधी घालायचं ते बघून ठेवा."

"मला कशाला?"

"गुडघे दुखतात माझे. कधी उभं राहता आलं नाही तर?"

तेव्हापासून रोज काहीतरी असतं. पिठाचा डबा कोणता, तांदळाचा कोणता. वॉशिंग मशीनमध्ये पांढरे कपडे वेगळे का टाकायचे. कामवाल्या बाईच्या मुलीची परीक्षा कधी असते. तन्वीला फोन केला की आधी तिचं ऐकून घ्यायचं, लगेच सल्ला द्यायचा नाही. मी ऐकतो. बायका शिकवतात, पुरुषांनी उशिरा का होईना शिकावं, यात विशेष काही नाही असं मी मनाशी म्हणतो.

तरी तिला डॉक्टरांकडे नेलं. एरवी दवाखान्याचं नाव काढलं की भांडणारी बाई, या वेळी निमूट आली. रक्त, ईसीजी, सगळं झालं. रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "भाभीजी तर तुमच्यापेक्षा फिट आहेत." शैलजा हसली आणि रिपोर्ट पिशवीत ठेवला. मी मात्र तो रस्त्यात दोनदा काढून वाचला.

एकदा मी विचारणार होतो. झोपाळ्यावर बसलो होतो, ऊन चांगलं होतं. "शैला, त्या दिवशी," एवढं म्हटलं. तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि समोरच्या झाडावर पोपट आलाय म्हणाली. खरंच आला होता.

पोळ्यांना सगळ्यात वेळ लागला. पंधरा दिवस माझ्या पोळीला कोपरे होते. ती स्टुलावर बसून सांगायची, कड पातळ करा, मध्ये दाबू नका, तव्यावर टाकल्यावर घाई नको. मला घाम फुटायचा, तिला हसू.

काल सकाळी पोळी गोल झाली. तव्यावर टाकली, उलटली आणि ती हळूहळू, चारी बाजूंनी, पूर्ण फुगली. मी लहान मुलासारखं वळून तिच्याकडे बघितलं.

शैलजा पोळीकडे बघत होती. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"जमलं," ती म्हणाली. "आता तुमचं तुम्हाला जमेल."

स्टुलावरून उठायला तिनं ओट्याला हात लावला. मी घाईघाईनं दुसरी पोळी लाटली, तव्यावर टाकली आणि उलथणं हातात धरून नुसता उभा राहिलो. पोळीच्या कडा काळ्या पडल्या. मग मध्ये डाग पडले. मग धूर यायला लागला. मी ती उलटली नाही.

"अहो, करपली ना," शैलजा म्हणाली.

"नाही जमत मला अजून," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे बघितलं, तव्याकडे बघितलं, गॅस बारीक केला आणि परत स्टुलावर बसली.

"बरं," ती म्हणाली. "उद्या परत बघू."